पाठीला पोळपाट

माझ्या नवऱ्याची आणि माझी दिशा वेगळी आहे. ही तक्रार नव्हे, नुसता भूगोल आहे. आमचं घर पापाकुराला. सकाळी तो स्टेशनवर गाडी लावतो आणि ट्रेनने उत्तरेला, ऑकलंडला, कंप्यूटरसमोर बसायला जातो. मी हायवेला लागते आणि दक्षिणेला, 'ते रापा' नावाच्या गावी, दुधाच्या कारखान्यात जाते. तिथे दुधाची पावडर होते आणि ती नीट व्हावी हे बघणाऱ्या इंजिनिअरांपैकी मी एक आहे. संध्याकाळी आम्ही दोन टोकांकडून परत येतो तेव्हा घरात मुलगी असते आणि वर्षातले निम्मे महिने पुण्याहून आलेले सासू-सासरे असतात. घर भरलेलं असतं, कोणी ना कोणी बोलत असतं. त्या सगळ्या बोलण्यात आम्ही दोघं एकमेकांशी किती बोलतो, हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

ती वेळ गेल्या उन्हाळ्यात आली. मुलगी शाळेच्या कॅम्पला गेली होती आणि आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, हेन्डरसनला ओळखीच्यांकडे सत्यनारायणाला गेले होते. तिथेच मुक्काम करणार होते. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघंच. आमटी-भात, पापड. पापड मोडल्याचा आवाज मोठा वाटावा इतकी शांतता. मी म्हटलं, आमटी तिखट झालीय का? तो म्हणाला, नाही, छान आहे. मग बराच वेळ फ्रिजची घरघर ऐकू येत राहिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात तो खुर्ची सरकवून उठला आणि म्हणाला, "बिन बाहेर काढायचाय."

बिनचा दिवस दुसऱ्या दिवशी नव्हता. आमच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी कधी येते हे पाळण्यातलं पोरही सांगेल. तरी तो गेला, बिन ढकलत फाटकाशी नेऊन ठेवला आणि बाहेरच उभा राहिला. खिडकीतून मी बघत होते. रस्ताभर एकही बिन नाही, आणि आमचा एकटा लाल झाकण लावून उभा. त्याच्या शेजारी माझा नवरा.

मला भीती वाटली. आम्ही भांडत नव्हतो हे खरं, पण भांडायला तरी काही विषय लागतो. मुलगी आणखी तीन-चार वर्षांनी घराबाहेर पडेल. आई-बाबा कायमचे थोडेच राहणार आहेत. मग या टेबलावर आम्ही दोघंच, आमटी छान आहे म्हणत. 

दोन दिवसांनी मी त्याला म्हटलं, "आपण दोघंच कुठेतरी जाऊ या का? लांब. काही न ठरवता."

"जाऊ या की," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. तेव्हा मला ते प्रेम वाटलं.

काही न ठरवता जाणं म्हणजे काय, याची आम्हाला कल्पना नव्हती. आम्ही दोघंही पुण्याचे; आमच्या घरात सिनेमाला जायचं तरी आदल्या आठवड्यात ठरत असे. पण कारखान्यातली माझ्या हाताखालची पोरं मी बघत होते. ती शिफ्ट संपवून जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून सरळ विमानतळावर जातात. त्यातलाच एकजण मला, चार कपडे पिशवीत टाकले की झालं, अशा अर्थाचं म्हणाला होता, "जस्ट चक अ फ्यू थिंग्ज इन अ बॅग. स्वीट अ‍ॅज." शिवाय न्यूझीलंडचा पासपोर्ट घेऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. जगभर कुठेही उघडणारा तो पासपोर्ट आम्ही फक्त एकाच देशात, भारतात, जायला वापरत होतो, आणि नेमक्या त्याच देशासाठी त्याला वेगळं कार्ड जोडावं लागतं. तेव्हा युरोप ठरला. जायचं विमान अ‍ॅमस्टरडॅमला उतरणार, यायचं व्हेनिसहून निघणार. मधे तीन आठवडे, पाठीवर एकेक पिशवी, आणि नियम एकच: आधी काही बुक करायचं नाही, जिथे वाटेल तिथे उतरायचं, दोघंच राहायचं. तिकिटं त्याच संध्याकाळी काढली. मला पंचवीस वर्षांची झाल्यासारखं वाटत होतं.

मग आम्ही ते घरात सांगितलं.

मुलगी म्हणाली, "मम, यू गाइज? बॅकपॅकिंग?" आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा म्हणाले, पाय दुखतील. आई भाजी निवडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर त्या पुण्याला फोनवर होत्या. "हो हो, आइंडहोव्हन. नाव लिहून घेते. म्हणजे तुमच्या जाऊबाईंच्या भावाचा मुलगा का? मग घरचाच की!"

मी बॅग खाली ठेवली आणि समजले. पुढच्या आठवड्यात तो फोन थांबला नाही. आइंडहोव्हनला त्या जाऊबाईंच्या भावाचा मुलगा निघाला. कोलोनला आईंच्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी निघाली. प्रागला कुणी कुणाचा साडू. युरोपच्या नकाशावर मला जी मोकळी जागा दिसत होती, तिथे आईंना सगळीकडे आपली माणसं दिसत होती. आणि आपल्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. स्वयंपाकघरात भाजणी भाजली गेली. मेतकुटाच्या पुड्या झाल्या. गोडा मसाला पुण्याहून आला होता, ऑकलंडच्या विमानतळावर रीतसर दाखवून सोडवून आणला होता. तो आता हॉलंडला निघाला.

"आई, आम्ही हॉस्टेलात राहणार आहोत," मी म्हटलं.

"अगं, राहा की," त्या म्हणाल्या. "एक रात्र राहा. पण गावात आपलं माणूस असताना हॉस्टेलात राहिलात तर त्यांना काय वाटेल?"

मी नवऱ्याकडे तक्रार केली. म्हटलं, दोघंच ठरलं होतं ना? तू सांग आईंना. त्याने चेहरा असा केला की मला त्याची दया आली. "आईला कोण नाही म्हणणार?" तो म्हणाला. "तिचा उत्साह बघ ना. बाबांना घेऊन ती इथे चार भिंतींत बसलेली असते."  मनातल्या मनात सासूबाईंना जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि प्रवासातही बोलत राहिले.

अ‍ॅमस्टरडॅमला एक रात्र आम्ही खरंच हॉस्टेलात राहिलो. खोलीत दुमजली पलंग, सगळी पोरं विशीतली. त्यांनी आम्हाला पाहून आवाज कमी केला. कुणाचे तरी आईवडील शोधायला आलेत असं त्यांना वाटलं असावं. विमानाच्या शिणाने आम्ही लगेच झोपलो, त्यामुळे बोलायचा प्रश्न आला नाही.

दुसऱ्या दिवशी आइंडहोव्हन. दार उघडलं, चपला बाहेर काढल्या, आत पोह्यांचा वास. भावाचा मुलगा आणि त्याची बायको दोघंही इतकी चांगली, की राग धरायला जागा नाही. पोहे खाऊन झाले, घर दाखवून झालं, पाळणाघर किती महाग आहे हे ऐकून झालं. मग त्याने लॅपटॉप बाजूला सारला आणि मुद्द्यावर आला. "दादा, न्यूझीलंडला पीआर पटकन मिळतं का हो?"

कायम राहायच्या परवान्याचा हा प्रश्न पुढे आम्हाला प्रत्येक घरात भेटला. आम्ही युरोप बघायला गेलो होतो आणि दर मुक्कामी सोफ्यावर बसून न्यूझीलंड दाखवत होतो. माझ्या फोनमधले फोटो हातोहात फिरायचे. हे रोटोरुआ. ही आमची मागची पडवी. हो, लिंबाचं झाड आहे. हो, समुद्र जवळ. त्या लोकांच्या खिडकीबाहेर शेकडो वर्षांची घड्याळं तास वाजवत असायची, आणि आम्ही आतमध्ये पापाकुराच्या लिंबांचं कौतुक ऐकत बसलेलो. शाळा कशा आहेत, इंडियन स्टोअरला ओला नारळ मिळतो का, गणपती कुठे बसवतात. माझा नवरा उत्तरं देताना खुलून जायचा. घरी एका वाक्यात बोलणारा माणूस इथे मोरी साफ करायच्या पावडरीवरसुद्धा पाच मिनिटं बोलत होता. मी ऐकत बसायचे. मला पहिल्यांदाच कळलं की त्याला आमचं घर आवडतं.

आइंडहोव्हनहून निघताना पिशव्या हलक्या व्हायला हव्या होत्या. आमच्याकडे असं होत नाही. भाजणी उतरली आणि तिच्या जागी त्यांच्या मुलाचा आखूड झालेला बर्फातला सूट आला, कारण प्रागच्या साडूंना लहान मुलगा आहे. "जाताच आहात तर एवढं घेऊन जा," त्याची बायको म्हणाली. या वाक्याला नाही म्हणायची सोय मराठीत नाही.

कोलोनला आईंच्या मैत्रिणीच्या मुलीने आमचं इतकं अगत्य केलं की झोपायची व्यवस्थाही गप्पांच्या सोयीने लावली. बायका आतल्या खोलीत, पुरुष हॉलमध्ये. लग्नाला सतरा वर्षं झालेलं जोडपं दोघंच फिरायला निघालं होतं आणि मी एका जर्मन गादीवर एका अनोळखी बाईशेजारी झोपून तिच्या पाठदुखीबद्दल ऐकत होते. भिंतीपलीकडे माझ्या नवऱ्याच्या हसण्याचा आवाज येत होता. तो काय सांगत होता कोण जाणे.

सकाळी चहाच्या वेळी त्याने अचानक विचारलं, "इथे पोळपाट कुठे मिळतो का हो?" मला वाटलं, बोलायला विषय म्हणून विचारतोय. पण त्या बाईंनी लगेच माळ्यावरून एक काढला. शिसवी, जड, खाली तीन पाय. त्यांच्याकडे दोन होते.

"आईने सांगितलंय," नवरा मला हळूच म्हणाला. "व्हिएन्नाला एक मुलगी आहे, तिला हवाय."

त्याच्या पिशवीत लोणच्याची बरणी आणि बर्फातला सूट होता. पोळपाट माझ्या पिशवीत आला. तो कसाही ठेवला तरी त्याचे पाय पाठीकडेच वळायचे, आणि दोन पाय खांद्यांच्या खाली आणि एक बरोबर मणक्यावर रुतायचा. असा पोळपाट पाठीला लावून मी कोलोनचं ते भलंमोठं चर्च पाहिलं. प्रागचा तो प्रसिद्ध पूल पाहिला, जिथे सगळे हातात हात घालून उभे असतात. नवऱ्याने फोटो काढला. फोटोत मी थोडी पुढे वाकलेली आहे आणि चेहऱ्यावर सासूबाईंबद्दलचं मत स्पष्ट दिसतंय.

रात्री कुणाच्या तरी बैठकीत अंथरूण घातल्यावर आम्ही कुजबुजत बोलायचो. चार्जर कुठाय. उद्याची ट्रेन कितीची आहे. यांना चॉकलेट दिलंस का. मग घरातलं कुणीतरी पाणी प्यायला उठायचं आणि आम्ही गप्प व्हायचो. दर दोन दिवसांनी नवं गाव, नवं दार. आणि खरं सांगते, दार उघडलं की मलाही हायसं वाटायचं. तीन आठवडे अर्धे संपले होते आणि ती टेबलावरची शांतता अजून आम्हाला गाठू शकली नव्हती.

व्हिएन्नाची मुलगी तिशीची असेल. कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला होती, एकटीच राहत होती, नीटनेटक्या दोन खोल्या. तिने थालीपिठं लावली होती. नवरा बाल्कनीत जाऊन खालची ट्राम बघत उभा राहिला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पिशवी उघडली. तीन देश वाहून आणलेला पोळपाट ओट्यावर ठेवला तेव्हा मला माझ्याच पाठीचा अभिमान वाटला.

"अय्या!" ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. "ताई, हे काय? मी दादांना नुसतं गमतीत म्हटलं होतं. ते म्हणाले काही आणू का, मी म्हटलं इथे पोळपाट मिळत नाही बघा, बाटलीने पोळ्या लाटते."

"दादांना?"

"तुमच्या मिस्टरांना. मेसेज केला होता ना त्यांनी."

"आईंनी सांगितलं ना तुला? तू आमच्या आईंच्या कोण लागतेस?"

"कुणाच्या आई?" तिने निरागसपणे विचारलं.

थालीपीठ तव्यावर चरचरत होतं. तिने ते उलटलं आणि उलटता उलटता सगळं सांगितलं. व्हिएन्नातल्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. तिथे माझ्या नवऱ्याने, ओळख ना पाळख, लिहिलं होतं की आम्ही दोघं न्यूझीलंडहून येतोय, संध्याकाळी कोणाकडे गप्पा मारायला येऊ का. तिला ते फार गोड वाटलं. "इतक्या लांबून येऊन माणसांना भेटावंसं वाटतं, किती छान!" ती म्हणाली. "ल्युब्लियानाला कुणी आहे का म्हणूनही त्यांनी विचारलं होतं. पण तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही, सॉरी हं."

मी म्हटलं, अगं सॉरी काय त्यात. मी दोन थालीपिठं खाल्ली, लोणी मागून घेतलं, पीआरबद्दल सविस्तर माहिती दिली. नवरा बाल्कनीतून आत आला, पोळपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याला थालीपीठ वाढलं. माझे कान तापले होते, पण पाहुण्यासमोर किंवा यजमानासमोर नवऱ्याशी भांडू नये हे वळण माझ्या अंगात पक्कं मुरलं आहे. वाढताना मात्र त्याला लोणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ल्युब्लियानाच्या ट्रेनमध्ये बसलो. बाहेर डोंगर सुरू झाले, हिरवी कुरणं, गाई. डब्यात आमच्याशिवाय कुणाला मराठी येत नसणार, म्हणून मी आवाज लावला.

"आईंनी किती पत्ते काढले आणि तू किती काढायला लावलेस?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"मी तुझ्याशी बोलतेय. गाईंशी नाही."

"सगळे मीच सांगितले होते," तो म्हणाला. "आईला म्हटलं, प्रत्येक गावात कुणीतरी शोध. तिला वाटलं खर्च वाचवायचाय."

"आणि मी त्या बाईला इतके दिवस मनात शिव्या देतेय! माझी पाठ बघ, पोळपाटाचे पाय उठलेत. तुला माझ्याबरोबर यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचंस. 'जाऊ या की' कशाला म्हणालास?"

"यायचं होतं."

"मग?"

 समोरच्या सीटवरच्या म्हातारीने आमच्याकडे पाहिलं आणि विणकाम पुन्हा सुरू केलं. मग त्याने हळूच विचारलं, "तुला तो दिवस आठवतो, आई-बाबा हेन्डरसनला गेले होते तो?"

"बिनचा?"

"त्या दिवशी बिन काढायचा नव्हता. मला माहीत होतं." तो म्हणाला. "तू समोर बसली होतीस. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचेचना. काहीच सुचेना. तू कंटाळलीयस असं दिसत होतं. म्हणून ते तोंडातून निघून गेलं आणि मग खरोखर बिन बाहेर न्यावा लागला. दोन दिवसांनी तू म्हणालीस, दोघंच जाऊ या.  तीन आठवडे. मी तीन आठवडे काय बोलणार होतो तुझ्याशी? म्हटलं, रोज कुणाचं तरी घर असलं तर वेळ निभावेल."

मी चिडलेली होते आणि चिडूनच राहायचं ठरवलं होतं. पण मला इतकं वाईट वाटलं की राग धरवेना. खिडकीतून मी ज्याला बघत होते तो माणूस तिथे त्या एकट्या बिनशेजारी उभा राहून हाच विचार करत होता, आणि मी आत बसून तोच करत होते. दोघांनी एकच गोष्ट मनात धरली होती, तीही वेगवेगळ्या खोल्यांत. मला रडू आलं. मग त्याने खिशातून रुमाल काढून दिला, तो लोणच्याच्या तेलाने माखलेला निघाला. माझ्या नाकाला मिरची लागली, आणि म्हातारीने विणकाम थांबवून मला स्वतःजवळची चघळायची गोळी दिली.

ल्युब्लियानाला आमचं कुणी नव्हतं. स्टेशनवर उतरलो तर पहिल्यांदा कुठे जायचं ते माहीत नव्हतं. नदीकाठच्या एका जुन्या घरात खोली मिळाली. आता सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पहिली संध्याकाळ भयंकर गेली. समोरासमोर बसून सूप प्यायलो. सूप छान आहे, तो म्हणाला. हो, मी म्हणाले. नदीकडे पाहिलं. नदी फार मोठी नव्हती, लवकर पाहून झाली. पोह्यांचा वास येणारं दार कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्यावर जायचं ठरवलं. वर जायला छोटी गाडी आहे, तिच्या रांगेत उभे होतो. रांग हलेना. तेव्हा त्याने मान खाली घालून, पाठ केलेला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "दुधाची पावडर होते म्हणजे नक्की काय होतं?"

मी त्या कारखान्यात सहा वर्षं आहे. त्याने हे कधीच विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही वाटलं नव्हतं. मी सांगायला लागले. आधी दूध आटवायचं. मग एका उंच मनोऱ्यात वरून त्याचा फवारा सोडायचा आणि आत गरम हवा. थेंब खाली येईपर्यंत सुकतो. तो म्हणाला, मग ते भिंतीला चिकटत नाही का? मी म्हटलं, चिकटतं ना! तेच तर माझं काम. किती चिकटतं, का चिकटतं, कधी चिकटलेल्याला आग लागू शकते. तो म्हणाला, आग? दुधाला? रांग पुढे सरकली होती आणि मागचे लोक आम्हाला वळसा घालून जात होते. आम्ही बाजूला कठड्यावर बसलो. मी माझ्या हाताखालच्या पोरांबद्दल बोलले. मनोऱ्याचा आवाज बदलला की मला गाडी पार्क करतानाच कसा कळतो ते सांगितलं. तो वेड्यासारखे प्रश्न विचारत होता, आणि मला ते फार आवडत होतं.

मग त्याने सांगितलं की गेल्या वर्षी त्याने ऑफिसात वरच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती जागा त्यानेच शिकवून तयार केलेल्या मुलाला मिळाली. आता तो त्या मुलाच्या हाताखाली आहे. "घरी सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण त्या दिवशी आईची तब्येत बरी नव्हती, मग पोरीची परीक्षा आली, मग राहूनच गेलं." मी त्यावरून त्याच्याशी भांडले. वर्षभर एवढं पोटात ठेवतोस आणि आइंडहोव्हनच्या पोराला पीआरचे पॉइंट्स समजावतोस? तो म्हणाला, तू तरी कधी विचारलंस, ऑफिस कसं होतं? मी म्हटलं, विचारलं असतं तर 'छान' म्हणाला असतास. तो म्हणाला, म्हटलं असतं खरं. किल्ल्याची गाडी बंद झाली तेव्हा आम्ही अजून कठड्यावरच होतो. किल्ला राहून गेला. पुलावरचे ते प्रसिद्ध ड्रॅगनचे पुतळेही राहिले, आणि त्या गावातला एकही फोटो आमच्याकडे नाही.

व्हेनिसहून निघून ऑकलंडला उतरलो तेव्हा पिशव्या जाताना होत्या त्याहून जड होत्या. चॉकलेटं, बिस्किटं, आईंसाठी कोलोनहून आलेली विणलेली शाल, व्हिएन्नाच्या मुलीने दिलेला जर्दाळूचा मुरंबा. सगळं रीतसर दाखवायला रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या बाईने "किआ ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि विचारलं, ही बॅग तुम्ही स्वतः भरली का? नवरा माझ्याकडे पाहून म्हणाला, नाही, युरोपातल्या समस्त मराठी मंडळींनी भरली. मला हसू आवरेना, तिला काही कळेना. मग आमची बॅग शेवटच्या बिस्किटापर्यंत उपसली गेली.

घरी पोचलो तर पोहे तयार होते. मुलगी म्हणाली, "सो? डिड यू गाइज सर्व्हाइव्ह?" आईंनी शाल अंगावर घेऊन पाहिली आणि विचारलं, "काय काय पाहिलंत?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी त्यांच्या पाया पडले. अशी मी कधी उगीच पडत नाही. त्या घाबरून म्हणाल्या, "अगं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही आई, भाजणी सगळ्यांना आवडली.

मग आठवडा गेला. तो उत्तरेला, मी दक्षिणेला. चार्जर, डबे, मुलीचा क्लास, बाबांची गोळी. टेबलावर पाच माणसं आणि सगळी बोलणारी, त्यात आम्ही दोघं सोडून. मला वाटायला लागलं की ते सगळं त्या कठड्यावरच राहिलं. तिकडे दूध भिंतीला चिकटतं हे त्याला सांगून झालं, आता पुढे काय सांगायचं, आणि कुठे?

शनिवारी संध्याकाळी पाऊस थांबला होता आणि आई भजी तळत होत्या. मी ताटं मांडत होते. तो आतून आला, जँडल्स पायात सरकवल्या आणि मला म्हणाला, "चल, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन येऊ."

"दूध आहे की," आई म्हणाल्या. "चांगल्या दोन बाटल्या आहेत."

"असू दे," तो म्हणाला.

मी हात पुसले. आईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, झारा बाजूला ठेवला आणि डब्यात भजी भरली. "जाताच आहात तर एवढं शेजारच्या आजींना देऊन या," त्या म्हणाल्या. "गरम आहेत तोवर."

शेजारच्या आजींचं दार आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. डबा त्याने घेतला. फाटकातून बाहेर पडल्यावर तो त्यांच्या घराकडे वळला नाही, उलट्या बाजूला वळला. मी विचारलं नाही. "त्या पोराने काल मीटिंगमध्ये काय केलं माहितीये?" तो म्हणाला, आणि आम्ही चालायला लागलो.

आजींना डबा पोचला तेव्हा भजी पार गार झाली होती.